मूकपटातली बोली: ‘द कॉलीन बॉन’ दाखवताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कॉलेजच्या फिल्म क्लबात ‘द कॉलीन बॉन’ हा १९११ सालचा अमेरिकन मूकपट दाखवायचा ठरलंय. आधी दहा-बारा मुलांना दाखवून पाहिला, तर आयरिश खेड्यातल्या त्या गरीब नायिकेला तळ्यात बुडवतात त्या प्रसंगाला मुलं खो-खो हसली. आता हा पट दाखवावा की नाही, दाखवला तर संगीत कुठलं लावावं, आणि मराठीत निवेदन करायचं झालं तर नायिकेच्या तोंडी आपली एखादी ग्रामीण बोली घातली तर गोष्ट जवळची वाटेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात. बोली घालू नका. जुनी रिळं तपासणं, फाटलेली परफोरेशनं, म्हणजे फिल्मच्या कडेची भोकं, सांधणं आणि गावोगावच्या फिल्म सोसायट्यांना मूकपट दाखवणं यातच माझी तीसेक वर्षं गेली. या एका पटाबद्दल माझं मत दोनदा बदललंय. तेव्हा जरा लांबण लागली तर सांभाळून घ्या.

कॉलीन बॉन म्हणजे आयरिश भाषेत ‘गोरी पोर’. ही पोर म्हणजे एली ओ’कॉनर. हार्ड्रेस क्रेगन या जमीनदाराच्या मुलाने तिच्याशी चोरून लग्न केलंय. घरची इस्टेट गहाण आहे आणि गहाणखत कॉरिगन नावाच्या माणसाच्या मुठीत आहे. तो हार्ड्रेसच्या विधवा आईला पेच घालतो: एकतर माझ्याशी लग्न कर, नाहीतर मुलाचं लग्न श्रीमंत ॲन च्यूटशी लावून तिच्या पैशातून माझं देणं भागव. हार्ड्रेसला एली आवडते आणि तिची लाजही वाटते. त्याचा नोकर डॅनी मॅन कुबडा आहे, तोही लहानपणी हार्ड्रेसच्याच हातून अधू झालेला. तरी मालकावर जीव टाकतो. तो म्हणतो, तुमचा हातमोजा खूण म्हणून द्या, पोरीचं मी बघतो. हार्ड्रेस नाही म्हणतो. पण पुढे त्याची आईच, खून होणार हे न कळता, तो हातमोजा देऊन बसते. डॅनी एलीला होडीतून एका गुहेपाशी नेतो आणि पाण्यात लोटतो. तेवढ्यात चोरून दारू गाळणारा मायल्स, जो एलीवर मनातल्या मनात झुरतोय, अंधारात डॅनीला पाणमांजर समजून गोळी घालतो, मग पाण्यात कुणीतरी दिसतं म्हणून उडी घेतो. एली वाचते. हार्ड्रेस-ॲनच्या लग्नातच हार्ड्रेसला पकडायला लोक येतात आणि ऐन वेळी एली जिवंत समोर उभी राहते. ॲन दुसऱ्याशी, कर्ल डेलीशी, लग्न करते आणि कर्जही फेडते. सगळे सुखी.

ही गोष्ट प्रेक्षकांना पट सुरू व्हायच्या आधी सांगा, शेवटासकट. गोष्ट फुटेल ही भीती नको. १९११चा प्रेक्षक ही गोष्ट पाठ करूनच आलेला असायचा. डायन बुसिको याचं याच नावाचं नाटक १८६० साली न्यूयॉर्कला आलं, त्याच वर्षी लंडनला गेलं, आणि १८६१ साली खुद्द राणी व्हिक्टोरिया ते पुन्हा पुन्हा बघायला गेली. १८६२ साली त्यावर ऑपेरा निघाला. एकट्या १९११ साली या नाटकावर तीन चित्रपट झाले: दोन अमेरिकन, एक ऑस्ट्रेलियन. आपल्याकडे हरिश्चंद्र-तारामतीची गोष्ट पडद्यावर पाहताना पुढे काय होणार याची उत्सुकता कुणाला नव्हती, कसं दाखवलंय याची होती. इथेही तसंच समजा. तुमच्या मुलांना पहिली दहा मिनिटं कोण कुणाचा कोण हेच कळलं नसणार. कंटाळलेला माणूस पहिल्या संधीला हसतो.

आता बोलीकडे येतो. नाटकात हार्ड्रेसला एलीची लाज वाटते ती मुख्यतः तिच्या बोलण्यामुळे. ती आयरिश वळणाचं इंग्रजी बोलते, ‘स्पीक’ला ‘स्पेक’ म्हणते, आणि तो लगेच टोकतो. बिचारी ओशाळते, पुन्हा असं म्हणणार नाही म्हणते, आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा तसंच बोलून जाते. तिचं बोलणं धुऊन स्वच्छ करायचं चाललंय, ती अख्खी बदलायची आहे, असं ती स्वतःच सांगते. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हटल्यावर वर्गात झालेला हशा ज्याने सोसलाय त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. म्हणजे गोष्टीत एली मरणाच्या दारात जाते ती गहाणखतामुळे आणि उच्चारामुळे. गहाणखत सगळ्यांच्या लक्षात येतं, उच्चार राहून जातो.

आणि गंमत अशी, की उच्चारावर उभ्या असलेल्या या गोष्टीचा चित्रपट झाला तो मूक. जी गोष्ट हार्ड्रेसला खुपते ती आपल्याला ऐकूच येत नाही. त्यामुळे पडद्यावरचा हार्ड्रेस नुसताच चंचल किंवा नीच वाटतो, आणि एली नुसती सालस. मग तुम्हाला वाटणार, हरवलेली बोली आपण परत घालू. मीही असं केलंय. वीसेक वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी निवेदन करताना एलीच्या तोंडी मी झकास ग्रामीण वाक्यं घातली. लोक हसले, आणि ते माझ्या कौशल्याला हसले म्हणून मी खूश झालो. पट संपल्यावर कळलं की त्यानंतर एली जेव्हा जेव्हा पडद्यावर आली तेव्हा तेव्हा ते हसत होते. आपल्या नाटक-सिनेमांनी गावरान बोलीला विनोदी पात्राच्या खात्यात इतकी वर्षं टाकून ठेवलंय की ती ऐकली की माणसं हसायच्या तयारीला लागतात. इंग्रजी रंगभूमीवर नेमकं हेच आयरिश बोलीचं झालं होतं: दारुडा, भांडखोर, चुकीचं इंग्रजी बोलणारा आयरिश गडी हे तिथलं ठरलेलं विनोदी पात्र. बुसिको स्वतः डब्लिनचा. त्याने मायल्सच्या रूपाने त्याच पात्राला बुद्धी आणि काळीज दिलं, आणि नाटकाचा खरा नायक करून टाकलं. तो खटाटोप तुम्ही चार वाक्यांत पुसून टाकाल.

त्यापेक्षा असं करा. तुमच्या रोजच्या मराठीत सांगा की हा माणूस हिच्या बोलण्याच्या चुका काढतो. एवढंच. मग गप्प बसा. लोक तिचं तोंड हलताना बघतील आणि आवाज आपापल्या मनातून आणतील. प्रत्येकाकडे एक असतोच.

आता पटातल्या एका पाटीबद्दल सांगतो. पाटी म्हणजे मूकपटात दृश्यांच्या मध्ये पडद्यावर येणारा लिहिलेला मजकूर. पटात मध्येच एक पाटी येते. तिचा आशय असा: या दृश्यातला पलंग डॅनियल ओ’कॉनेल यांचा असून ते स्वतः त्यावर झोपत असत. गोष्ट चालू असताना दिग्दर्शक मध्येच येऊन फर्निचरची वंशावळ सांगतो, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खुर्चीत मोठ्याने हसलो होतो. ओ’कॉनेल म्हणजे एकोणिसाव्या शतकातला आयर्लंडचा सगळ्यात मोठा पुढारी, कॅथलिकांना पार्लमेंटचं दार उघडून देणारा, मूळचा केरी परगण्याचा, जिथे हा पट चित्रित झाला तिथलाच. अमेरिकेतल्या आयरिश प्रेक्षकाला त्या पलंगाचं दर्शन म्हणजे जवळजवळ देवदर्शन. म्हणून ती पाटी.

पण ओ’कॉनेलचा या गोष्टीशी असलेला खरा संबंध त्या पाटीत नाही. एली खरी होती. तिचं नाव एलन हॅनली, लिमरिक भागातली, दोरखंड वळणाऱ्या मामाच्या घरी वाढलेली, वय जेमतेम पंधरा-सोळा. १८१९च्या उन्हाळ्यात जॉन स्कॅनलन या तिथल्या बड्या घरच्या तरुणाने तिच्याशी चोरून लग्न केलं, थोड्याच दिवसांत त्याला ती नकोशी झाली, आणि त्याचा नोकर स्टीफन सलिव्हन याने तिला शॅनन नदीत होडीवर मारून दगड बांधून बुडवलं. सप्टेंबरमध्ये प्रेत क्लेअर परगण्याच्या किनाऱ्याला लागलं. स्कॅनलनवर खटला चालला तेव्हा त्याचा वकील होता डॅनियल ओ’कॉनेल. खटला हरला. मार्च १८२०मध्ये लिमरिकला स्कॅनलनला फाशी झाली, काही महिन्यांनी सलिव्हनलाही. फाशीच्या जागेकडे नेताना गाडीचे घोडे पुलावर अडून बसले आणि स्कॅनलनला पुढे चालत जावं लागलं, अशी तिकडे दंतकथा आहे. एलनची कबर किलरशजवळच्या दफनभूमीत आहे. तिच्यावरचा दगड आठवण म्हणून तुकडे तोडून नेणाऱ्यांनीच संपवला.

म्हणजे मारेकऱ्याच्या वकिलाचा पलंग मारल्या गेलेल्या पोरीच्या चित्रपटात सन्मानाने मिरवतोय. यात ओ’कॉनेलला दोष द्यायचं काही कारण नाही, वकिलाने वकिली केली. पण पट बनवणाऱ्यांना हे आठवलं नाही किंवा आठवूनही चाललं, यावरून मूळ मुलगी तोवर किती मागे पडली होती ते कळतं. मध्ये बरंच काही घडून गेलं होतं. जेराल्ड ग्रिफिन याने १८२९ साली या खटल्यावरून ‘द कॉलेजियन्स’ ही कादंबरी लिहिली. त्यात मुलीची एली ओ’कॉनर झाली, पण मरण राहिलं. बुसिकोने ते मरणही काढलं. शिवाय त्याने गोष्ट उचलून शॅननच्या गढूळ पाण्यातून केरीतल्या किलार्नीच्या सुंदर तळ्यांवर नेऊन ठेवली. किलार्नीच्या छापील निसर्गचित्रांवरून त्याने रंगमंचाचे पडदे करून घेतले, असा किस्सा नाट्येतिहासात कायमचा होऊन बसलाय. नाटक इतकं गाजलं की किलार्नीच्या तळ्यातल्या एका खडकालाच ‘कॉलीन बॉन रॉक’ हे नाव पडलं आणि नावाडी प्रवाशांना तो दाखवू लागले. १९११ साली अमेरिकन कंपनी ‘प्रत्यक्ष घटनास्थळी’ चित्रण करायला गेली, ती या किलार्नीला. जिथे काहीच घडलं नव्हतं तिथे.

ही कंपनी म्हणजे कॅलेम. क्लाइन, लाँग आणि मॅरियन या तीन भागीदारांच्या आडनावांच्या आद्याक्षरांचं हे नाव. हिवाळ्यात मंडळी फ्लोरिडात जॅक्सनव्हिलला काम करायची. १९१०च्या उन्हाळ्यात दिग्दर्शक सिडनी ऑल्कट पहिल्यांदा आयर्लंडला गेला. त्यातून आलेला ‘द लॅड फ्रॉम ओल्ड आयर्लंड’ हा एका रिळाचा पट अमेरिकन कंपनीने अटलांटिकपलीकडे जाऊन केलेला पहिला कथापट मानतात. पुढच्या वर्षी मोठा चमू घेऊन ते किलार्नीजवळच्या बोफर्ट या खेड्यात उतरले. ऑल्कट टोरांटोचा, आयरिश घरातला. ‘कॉलीन बॉन’मध्ये डॅनी मॅन त्यानेच केलाय. एली झालेली जीन गॉन्टियर नुसती नटी नव्हे, कंपनीच्या पटकथा लिहिणारीही तीच. या मंडळींना पुढे लोक ‘ओ’कॅलेम’ म्हणू लागले. पुढे गॉन्टियरने आठवणी लिहिल्या, त्यात गावच्या पाद्र्याने त्यांच्याविरुद्ध चर्चमध्ये प्रवचन झोडल्याचं आहे. मला त्या पाद्र्याचा राग येत नाही. परकी माणसं येतात, पैसे देऊन तुमच्या गरिबीला वेशभूषा म्हणून वापरतात, हे पाहून कुणीतरी बोलायलाच हवं होतं.

तुमच्या मुलांपैकी कुणी विचारेल म्हणून एक गोष्ट मध्येच सांगतो. याच ऑल्कट-गॉन्टियर जोडीने १९१२ साली इजिप्त आणि पॅलेस्टाइनमध्ये जाऊन ख्रिस्ताच्या जीवनावर ‘फ्रॉम द मेंजर टू द क्रॉस’ केला. दादासाहेब फाळक्यांनी पाहिलेला ख्रिस्तपट तो हाच, असं कुणी सांगितलं तर दुरुस्त करा. फाळक्यांनी मुंबईत ख्रिस्तपट पाहिला तो याआधी. १९१२ साली ते स्वतःच सिनेमाच्या उद्योगाला लागले होते.

आता हसण्याचं तांत्रिक कारण. तुमच्याकडची फाइल कशी झालीय ते आधी बघा. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवत, सेकंदाला दोन फेरे, एका फेऱ्यात आठ चौकटी (फ्रेम), म्हणजे सेकंदाला सोळा. अर्थात कॅमेरामनचा हात म्हणजे काही घड्याळ नव्हे, आणि थिएटरातला ऑपरेटरही घाईत असेल तर जोरात फिरवायचा; सोळा हा आकडा शिलालेख समजू नका. पण तीच फिल्म बोलपटाच्या चोवीसच्या वेगाने चालवली की माणसं दीडपट वेगाने तुरुतुरु पळू लागतात. हजार फुटांच्या रिळात सोळा हजार चौकटी असतात. सोळाच्या वेगाने त्याला साडेसोळा मिनिटं लागतात, चोवीसने अकरा. ‘कॉलीन बॉन’ तीन रिळांचा आहे. १९११ साली बहुतेक पट एका रिळाचे असत, त्या मानाने हे प्रकरण मोठंच. साडेसोळाचं अकरा झालं की बुडणारी बाई कार्टून वाटते, त्याला मुलं काय करणार?

चांगल्या संस्थांच्या डिजिटल प्रतींत हा वेग आधीच सुधारलेला असतो. ओ’कॅलेमच्या वाचलेल्या पटांचा संच २०११ साली आयरिश फिल्म इन्स्टिट्यूटने काढलाय. तो मिळाला तर दुसरं काही शोधू नका. इंटरनेटवरून उतरवलेली प्रत असेल तर तपासा. माणसांकडे बघून वेग ठरवू नका, नट मुळातच झपाझप हातवारे करतात. होडीची वल्ही बघा, चुलीचा धूर बघा, घोड्याची चाल बघा. निसर्ग अभिनय करत नाही. वल्ही पंख्यासारखी फिरत असतील तर व्हिडिओ प्लेअरमध्ये वेग ०.७५ करा, मग ०.७० करून पुन्हा वल्ह्यांकडे बघा. मध्येच कुठेतरी होडी पाण्यावर बसल्यासारखी वाटेल. तो तुमचा वेग.

दुसरं, आभाळ पांढरंफटक दिसतं ते प्रत खराब आहे म्हणून असेलच असं नाही. तेव्हाच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला निळा रंग पांढऱ्यासारखा दिसे आणि लाल काळ्यासारखा. केरीचं आभाळ मुलांनी मनानेच भरून घ्यायचं. तिसरं, घरातली दृश्यं नीट बघायला लावा. कंपनीकडे तिथे स्टुडिओ नव्हता. भिंती, खिडक्या, पलंग सगळं उघड्यावर मांडून सूर्यप्रकाशात चित्रण व्हायचं. म्हणून खोलीतल्या सावल्या अंगणातल्यासारख्या कडक असतात, आणि बंद खोलीत कुणाची ओढणी किंवा टेबलावरचं कापड वाऱ्याने हललं तर दचकू नका. तो खरा केरीचा वारा आहे. पलंगाची पाटी खरेपणाची शपथ घेते, पण माझ्या लेखी त्या पटातली खात्रीची खरी गोष्ट म्हणजे ती शिरलेली झुळूक, आणि मागे उभी असलेली बोफर्टची माणसं. गर्दीसाठी त्यांनी गावकरीच घेतले होते. नटांच्या मागे बघायची सवय लागली की हे पट वेगळेच दिसू लागतात. पुढे नट कपाळावर हात मारत असतात आणि मागे एखादी म्हातारी नुसती उभी असते. कॅमेऱ्यासाठी कसं उभं राहायचं हे तिला कुणी शिकवलेलं नसतं.

नटांचे हातवारे मात्र कमी होणार नाहीत, ते तसेच आहेत. कॅमेरा लांब, माणूस डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत, चेहरा जवळून दिसणार नाही. अशा वेळी सारं बोलणं हातांना करावं लागतं. मुलांना एवढंच सांगा की हातमोजा कुणाच्या हातातून कुणाच्या हातात जातो त्याच्यावर डोळा ठेवा. संपूर्ण खुनाचा कट त्या मोज्यात आहे.

शेतकरी कुठे आहेत, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण विचारायला हवा होता. पटाची जाहिरात आयरिश खेड्याची, आणि प्रत्यक्षात चर्चा सगळी वाड्यातल्या कर्जाची. एली गरीब आहे हे तिच्या कपड्यांवरून कळतं, कामावरून नाही. ‘द लॅड फ्रॉम ओल्ड आयर्लंड’ या बाबतीत प्रामाणिक आहे. त्याचा नायक सुरुवातीलाच दलदलीतून पीट खणताना दिसतो. पीट म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याची जळाऊ माती, तिकडच्या गरिबाचं सरपण. तो अमेरिकेला जातो, राजकारणात शिरतो, पैसा कमावतो, आणि प्रेयसीच्या घरच्यांना खंड थकल्यामुळे घराबाहेर काढतायत हे कळल्यावर परत येऊन ऐन वेळी पैसे भरतो. १८४५ ते १८५२च्या दुष्काळात आयर्लंडात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि तितकीच देश सोडून गेली. न्यूयॉर्कच्या थिएटरात बसलेला प्रेक्षक म्हणजे त्यांची मुलं-नातवंडं. परत जायचं आणि खंड भरायचा, हे त्यांचं न फिटलेलं स्वप्न. खुद्द आयर्लंडात १९०३च्या कायद्यानंतर कुळं कर्ज काढून जमिनी विकत घेऊ लागली होती. पडद्यावरचं खेडं तयार झालं तेव्हाच जुनं होत चाललं होतं.

आयरिश माणसाने स्वतः केलेलं शेतकऱ्यांचं चित्र हवं असेल तर ‘नॉकनागाऊ’ बघा. डब्लिनच्या फिल्म कंपनी ऑफ आयर्लंडने चार्ल्स किकहॅमच्या कादंबरीवरून केलेला, टिपररीत चित्रित झालेला आणि १९१८ साली तिथेच क्लॉनमेलला पहिल्यांदा दाखवलेला. दोन-तीन प्रेमप्रकरणं, जमीनदाराचा दुष्ट कारभारी, घरातून बाहेर काढलेलं कुटुंब, आणि गावाची इज्जत राखायला हातोडा फेकणारा मॅट हा शेतकरी. पट रेंगाळतो आणि पाट्यांचा पाऊस पडतो. अख्खा दाखवलात तर अर्धा हॉल चहाला जाईल. पण घर रिकामं करवण्याचा प्रसंग काढून दाखवा. त्यात काढलेल्या कुटुंबातलं लहान मूल म्हणजे पुढे मोठा नट झालेला सिरिल क्युसॅक. तुमच्या मुलांना याचं नातं बाबूराव पेंटरांच्या ‘सावकारी पाश’शी सहज लावता येईल. १९२५चा तो मूकपट, व्ही. शांताराम त्यात शेतकऱ्याचा पोर. दोन देशांत एकमेकांना न पाहता केलेली कामं, पण जमिनीचा कागद दुसऱ्याच्या हातात असला की गोष्ट सारखीच वळणं घेते.

संगीताचं. इंटरनेटवर ‘केल्टिक’ नावाने मिळणारी धुक्यातली बासरी लावू नका, ती सगळ्यावर एकच साखरेचा पाक ओतते. कॅलेमला संगीताची जाण होती. त्याच १९११ साली त्यांनी बुसिकोच्याच ‘अरा-ना-पोग’वर पट केला, तेव्हा वॉल्टर सायमन याच्याकडून पियानोसाठी खास संगीत लिहून घेऊन थिएटरांना पुरवलं. म्हणजे एक वाद्य, एक वाजवणारा. तुमच्याकडे पियानो नसेल तर पेटी चालेल, खरंच चालेल. फक्त वाजवणाऱ्याला दोनदा पट दाखवा आणि सांगा की दृश्यामागे धावायचं नाही, दार आपटलं म्हणून सूर आपटायचा नाही. चार-पाच संथ आयरिश धुना बसवल्या तरी पुरे. गुहेच्या प्रसंगात डॅनी होडी थांबवतो तिथे पेटी बंद. पूर्ण बंद. हॉलमधल्या पंख्यांचा आवाज ऐकू येऊ द्या.

आणि त्या उडीबद्दल अपेक्षा जरा खाली ठेवा. रंगमंचावर हा प्रवेश म्हणजे लोक श्वास रोखून बघायचे तो. निळी झिरझिरीत कापडं पोरं हलवत राहायची, तेच तळं, आणि त्यात मायल्स उडी घ्यायचा. कापडाच्या पाण्यात बुडणारी बाई खरी वाटायची. पटात खरं पाणी आहे, खरी होडी आहे, आणि प्रसंग क्षणात संपतो. पाणी खरं झालं आणि धाक गेला. माझं मत एकदा बदललं ते इथेच: आधी मला हा पटाचा दोष वाटायचा. आता वाटतं, एलन हॅनलीच्या बाबतीतही ते असंच पटकन झालं असणार.

निवेदकाला जागा कुठे द्यायची, तर सुरुवातीला गोष्ट, पलंगाच्या पाटीपाशी दोन वाक्यं, आणि हार्ड्रेस-एलीच्या भेटीत ते एक वाक्य. पाट्यांचं मराठी हळू आवाजात वाचलं तरी चालतं, आपल्याकडेही मूकपटांच्या काळात पाट्या वाचून दाखवणारी माणसं थिएटरात असत. एलन हॅनलीची हकीकत मात्र पट संपल्यावर सांगा, दिवे लावायच्या आधी. आधी सांगितलीत तर सुखान्त बेगडी वाटेल, आणि त्या सुखान्तात बुसिकोने जीव ओतलाय.

राहिलं हसणं. वेग दुरुस्त केलात, गोष्ट आधी सांगितलीत, बोली घातली नाहीत, तरी एका जागी मुलं हसतीलच: मायल्स डॅनीला पाणमांजर समजून गोळी घालतो तिथे. खुन्याला चुकून मारणारा दारू गाळणारा, याला हसायचं नाही तर काय करायचं? तिथे हसू द्या. पेटीवाल्यालाही सांगून ठेवा, म्हणजे तो मध्येच घाबरून करुण काहीतरी वाजवायला लागणार नाही.